सूर्यास्त कोणत्या गावचा?



पासष्टी ओलांडलेल्या तिघा गृहस्थांनी पाठीवर पिशव्या लादून समुद्रातील बेटे हिंडावीत, ही कल्पना माझी नव्हे. वाणिज्य महाविद्यालयात माझ्यासोबत एकाच बाकावर बसलेले दोन मित्र गतवर्षी चातुर्मास संपल्यानंतर पुण्यास आले. एक हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त चाळीस वर्षांपूर्वी बेल्जियममधील अँटवर्पला गेला आणि तिथलाच झाला. दुसरा टोरांटोला निवृत्तीचे जीवन जगतो. सोयीसाठी त्यांना अँटवर्पकर व टोरांटोकर असेच म्हणतो. अँटवर्पकर आपल्याच समाजातला. पण पाठशाळेत शिकलेले सारे त्याने मागे ठेवले, असे तो स्वतःच सांगतो. टोरांटोकर जैनेतर. दोघांची अट एकच होती : सुटकेस नाही, एजंट नाही, आपले सामान आपल्या पाठीवर. ठिकाण ठरले अंदमान.

आमच्या चिरंजीवांची गिर्यारोहणाच्या काळातली सॅक माळ्यावरून खाली आली आणि सौभाग्यवतींनी ती भरली. खाखऱ्यांची आठ पाकिटे, चार दिवस टिकतील असे थेपले, छुंदा, कोरडा नाश्ता, पाणी उकळण्यासाठी विजेची किटली, गाळण्याचे कापड, सामायिकाचे आसन, दोन स्टीलचे डबे आणि माझे कपडे. वजनकाट्यावर चौदा किलो भरले. अँटवर्पकराने सॅक माझ्या पाठीवर चढवली आणि म्हणाला, "आता दोन मजले चढून दाखव." दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून मी उभा राहिलो तेव्हा त्याने काही बोलण्याची गरज उरली नव्हती.

विमानात सोबत नेण्याच्या सामानाची मर्यादा सात किलो. मी तेवढ्यातच बसवायचे ठरवले आणि एकेक वस्तू बाहेर काढली. कपडे निम्मे झाले, डबे गेले, किटली गेली. शेवटी खाण्याचे जिन्नसही गेले. "तिथे काही ना काही मिळेलच," मी म्हणालो. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, एक पाकीट तरी राहू द्या." ते एक पाकीट मी राहू दिले. सॅक सहा किलो नऊशे ग्रॅम भरली. बँकेतील आकडा जुळावा तसा मला आनंद झाला.

बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेल्या अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी पाचशेहून अधिक बेटे आहेत. वस्ती मात्र जेमतेम तीसचाळीस बेटांवर. आपण ज्याला आजवर पोर्ट ब्लेअर म्हणत आलो त्या शहराचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले. हॅवलॉक व नील या बेटांची नावे त्याआधीच, २०१८ साली, अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी बदलली होती. पहिल्या दिवशी आम्ही सेल्युलर जेल पाहिले. मधल्या मनोऱ्याभोवती सात पाखे आणि ६९६ कोठड्या अशी मूळची रचना. आज तीनच पाखे उभी आहेत. १९११ ते १९२१ ही दहा वर्षे सावरकर येथे बंदिवासात होते, हे मराठी माणसास सांगावयास नको. पण त्या कोठडीसमोर उभे राहिल्यावर, सात किलोत काय बसवावे यासाठी घातलेल्या आदल्या दिवशीच्या वादाची मला लाज वाटली, हे मात्र नमूद करतो.

तेथून बाहेर पडलो तेव्हा घड्याळात साडेचार वाजले होते आणि उन्हे पार उतरली होती. मी चमकलो. गेली अडतीस वर्षे माझा चौविहार आहे. पुण्यास डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि माझे पोट त्या हिशेबाने चालते. येथे सूर्य पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. कारण साधे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि अंदमान त्याच्याही दहा अंश पूर्वेस आहे. एका अंशास चार मिनिटे, म्हणजे तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे. पुणे त्या रेषेच्या पश्चिमेस असल्याने आपला सूर्य तेवढाच मागे. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्या दिवशी धावतपळत केळी व शहाळे घेऊन मी कसेबसे निभावले. उद्यापासून लक्ष ठेवू, असे स्वतःस बजावले आणि ती बाब तेथेच सोडली.

बोटीने आम्ही स्वराज द्वीपास गेलो. राधानगरच्या किनाऱ्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. पांढरी वाळू, पाठीशी उंच वृक्षांचे रान आणि समोर निळ्या रंगाच्या जितक्या छटा कल्पाव्यात तितक्या. दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी शहीद द्वीपास जाणारी बोट होती. प्रवास तासा-दीड तासाचा. साडेतीनला पोहोचून जेवू, या हिशेबाने मी सकाळी केवळ दोन केळी खाल्ली. वारा सुटला, समुद्र खवळला आणि बोट दोन तास उशिरा सुटली. धक्क्यावरच्या टपरीत मासे, अंडी आणि बटाट्याचे समोसे याखेरीज काही नव्हते. आम्ही भर समुद्रात असताना सूर्य क्षितिजाला टेकला.

सॅकच्या तळाशी खाखऱ्यांचे ते एकमेव पाकीट होते. ते शोधण्यासाठी सर्व कपडे मांडीवर काढावे लागले. पाकीट हाती आले तेव्हा पाण्यावर फक्त तांबूस उजेड उरला होता. वाचकहो, आता जे सांगतो ते सांगणे सुखाचे नाही. मी मोबाइल काढला आणि पुण्याचा सूर्यास्त पाहिला. तेथे अद्याप तासाभराचा अवकाश होता. माझ्या मनाने भराभर युक्तिवाद रचला : माझे बिऱ्हाड पुण्याचे, नियम पुण्यास महाराजसाहेबांच्या सान्निध्यात घेतलेला, घड्याळही पुण्याचेच, मग सूर्य तेवढा अंदमानचा का धरावा? हे मी मोठ्याने बोललोही. पाकिटाचा कोपरा बोटांत धरलेला होता.

अँटवर्पकर शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तू बँकेत असताना कोणाला मागच्या तारखेची नोंद करून दिलीस का रे?"

नव्हती दिली. मार्चअखेरीस मोठमोठे खातेदार विनवण्या करीत, वरून फोन येत. तरी मी दिली नव्हती. त्या गोष्टीचा मला अभिमान होता आणि मित्रांना मी ती अनेकदा ऐकवलीही होती. मी पाकीट सॅकमध्ये परत ठेवले.

त्या रात्री भुकेपेक्षा तहान अधिक जाणवली. हवा दमट, अंगाला मीठ चिकटलेले, खोलीत छताचा पंखा. झोप येईना, म्हणून मी हिशेब मांडला. अडतीस वर्षांत असा प्रसंग माझ्यावर का आला नाही? शाखेत उशीर होत असे, लेखापरीक्षण असे, बदलीची अनोळखी गावे असत. तरीही सूर्यास्तापूर्वी डबा माझ्या टेबलावर असे. कधी शिपाई आणी, कधी रिक्षावाला, पावसाळ्यात एकदा धाकट्या मुलीला कडेवर घेऊन सौभाग्यवती स्वतः आल्या होत्या. डबा उघडणे आणि जेवणे एवढेच माझे काम. कर्ज माझ्या नावावर होते; हप्ते दुसरेच कोणी भरत होते. आणि खाते कधी थकले नाही, याचे श्रेय मी घेत आलो होतो. सहा किलो नऊशे ग्रॅमच्या त्या सॅकमधून मी ओझे म्हणून जे काढून टाकले, त्यावरच माझा नियम उभा होता.

पहाटे पाचलाच उजाडू लागले. साडेपाचला सूर्य वर. तेव्हा ध्यानात आले की दिवस लहान नव्हताच, केवळ सरकलेला होता. अंदमान विषुववृत्तास अधिक जवळ असल्याने हिवाळ्यातील तेथील दिवस पुण्यापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठाच असतो. नवकारशी सव्वासहाच्या सुमारास येते. सकाळची वेळ मी पुण्याच्या सवयीने झोपेत दवडत होतो आणि सायंकाळी सूर्याला दोष देत होतो.

शहीद द्वीप हे लहानसे, सपाट व हिरवे बेट. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना येथे जमिनी देऊन वसवण्यात आले; त्यांच्या कष्टांमुळे अंदमानला भाजीपाला पुरवणारे बेट अशी त्याची ओळख झाली. भाड्याच्या सायकलवरून मी बाजारात गेलो, दुधी, भेंडी व काकडी घेतली आणि एका लहानशा खाणावळीत जाऊन बंगाली दीदींना हिंदीतून विनवले : कांदा, लसूण, बटाटा नको, भांडे वेगळे हवे आणि जेवण दुपारी साडेतीनला हवे. मला वाटले, त्या हसतील. त्यांनी विचारले, "सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, त्यांची आई निर्जळी एकादशी करीत असे. मग भाजीची पिशवी माझ्याच हाती परत देत म्हणाल्या, "चिरून द्या, मला दुपारच्या गिऱ्हाइकांचे पाहायचे आहे."

मी भेंडी चिरली. आयुष्यात प्रथमच. पाऊण तास लागला आणि ती एकसारखी झाली नाही. पुढचे तीन दिवस हाच क्रम राहिला : सकाळी बाजार, स्वतः चिरणे, साडेतीनला जेवण, चारपर्यंत उकळून गार केलेले शेवटचे पाणी. सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, आहार आटोपावा असे आपल्याकडे सांगतात; तेही तेथे प्रथमच पाळले गेले. दोघे मित्र माझ्यासोबत जेवू लागले. नियम म्हणून नव्हे, सोबत म्हणून. अँटवर्पकर मात्र दुसऱ्या दिवशी रात्री पाण्याची बाटली हातात घेऊन काही वेळ बसला आणि ती न उघडताच झोपला. मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

परतण्याच्या आदल्या दिवशी सीतापूरच्या किनाऱ्यावर टोरांटोकर नातवंडांसाठी शंख-शिंपले वेचत होता. आपण पाठशाळेत जीवविचार शिकताना द्वींद्रिय जीवांत आरंभीच शंख आणि कवडी यांची नावे घेतो. त्याचे म्हणणे, हे तर रिकामे आहेत. एवढ्यात त्याच्या ओंजळीतील एक शंख चालू लागला. आत खेकडा होता. या जातीच्या खेकड्याचे मागचे अंग मऊ असते. स्वतःचे कवच नसल्याने तो मेलेल्या शंखांत राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आपल्याला जो शंख रिकामा व बेवारशी वाटतो, तो त्याचे उद्याचे घर असतो. तेथून शंख-प्रवाळ परवान्याविना नेण्यास मनाईही आहे. टोरांटोकराने ओंजळ हळूच वाळूवर रिती केली. नातवंडांसाठी त्याने छायाचित्र घेतले.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना एक प्रश्न विचारला, जो अडतीस वर्षांत विचारला नव्हता. त्यांचाही चौविहार आहे. माझा डबा सूर्यास्तापूर्वी निघावा म्हणून त्या धावपळ करीत. मुलांचे, सासू-सासऱ्यांचे वाढणे असे. मग त्या स्वतः केव्हा जेवत? त्या सॅकमधले कपडे धुण्यास काढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "महिन्यातून चार-सहा वेळा राहूनच जायचे. तेव्हा कोठे बसून मोजत होते! ते जुने आता कशाला काढता?"

मी तेव्हा काही बोलू शकलो नाही.

आपल्या घराघरांतून दुकाने रात्री नऊला मिटतात आणि पाचच्या सुमारास दुकानावर डबे जातात. पुरुषांच्या चौविहाराची अनुमोदना संघात जाहीरपणे होते आणि ती व्हावीच. माझी विनंती एवढीच आहे की आज डबा उघडण्यापूर्वी घरी एक फोन करून विचारावे, "तुझे जेवण झाले का?" मुलांना प्रवासास धाडताना त्यांची पिशवी त्यांनाच भरू द्यावी, चार खाखरे त्यांनाच भाजू द्यावेत, आणि जेथे जात असतील तेथील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा निघण्यापूर्वीच त्यांनी वहीत लिहून घ्याव्यात. आपल्या गावाच्या वेळा तेथे चालत नाहीत. मी त्या चालवून पाहण्याच्या बेतात होतो.

आमच्याकडे आता सोमवार ते बुधवार सायंकाळची भाजी माझ्याकडे आहे. चार वाजता मी विळी घेऊन बसतो. भेंडी अजून एकसारखी होत नाही, पण साडेपाचला आम्ही दोघे एकाच वेळी पानावर बसतो. अँटवर्पकराचा परवा फोन आला होता. उन्हाळ्यात तिकडे रात्री दहापर्यंत सूर्य असतो, तेव्हा चौविहार कसा करावा, असे विचारत होता. मी म्हणालो, "तिथला सूर्य पाहा आणि तूच ठरव."