एक तास थांबा की राव!

सबमिशन, केटी आणि मेसची आमटी हे नेहमीचे विषय सोडून या वेळी मी बॅटरीवर लिहितोय. "हा काय विषय झाला?" असं रूम पार्टनरने विचारलंच. गेल्या सेमिस्टरला आमचा लिथियम पॉलिमर पॅक त्याच्याच कॉटखाली फुगला होता, तेव्हा निदान त्याने तरी हे विचारायला नको होतं!

स्पर्धेची आदली रात्र. ड्रोनचा पॅक तीन सेलचा, २२०० एमएएचचा. रात्रीचा एक वाजलेला आणि झोप अनावर. २.२ अँपिअरवर, म्हणजे १सी रेटने, तासाभरात चार्ज होणारा तो पॅक मी ६.६ वर लावला. वर बॅलन्स लीड जोडायचा कंटाळा केला. पंधरा-वीस मिनिटांत पॅक पुरीसारखा टम्म फुगला आणि गोडसर वास सुटला. वायर उपटली, पॅक लोखंडी बादलीत टाकला आणि गच्चीवर धावलो. आग लागली नाही, हे नशीब. आमची अक्कल त्यात काडीची नव्हती.

नंतर वाचत बसलो (हे आधी करायचं असतं). चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. रात्री आठला मेसमध्ये सगळे एकदम घुसले की बाक मिळत नाही, पोरं दारातच तुंबतात, तसंच इथे होतं. आत शिरायला वेळ न मिळालेलं लिथियम ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचतं. त्याचे सुईसारखे काटे वाढले आणि मधला पातळ पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्ट. इलेक्ट्रोलाइट तर ज्वालाग्राहीच असतं.

बॅलन्स लीडचंही तसंच. तीन सेल मिळून १२.६ व्होल्ट दिसले की चार्जर खूश. पण ते ४.१, ४.१ आणि ४.४ असे असले तर? ४.२ च्या पुढे गेलेला तो एक सेलच घात करतो.

आणि एवढं करून वेळ किती वाचतो? करंट दुप्पट केला म्हणून वेळ निम्मा होत नाही. सेल ४.२ व्होल्टला पोचला की चार्जर व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट उतरत जातो. सुरुवातीला जितकी घाई, तितका हा शेवटचा टप्पा लांबतो. पॅकवर कंपनीनेच जास्त चार्ज रेट छापला असेल तर गोष्ट वेगळी, पण तोही धडधाकट पॅकसाठी. २०१६ साली सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ बाजारातून परत घ्यावा लागला. पहिल्या बॅचच्या बॅटरीत कोपऱ्यातला इलेक्ट्रोड वाकलेला होता, असं कंपनीनेच पुढे सांगितलं. आमचे पॅक तर रोज ग्राउंडवर आपटतात. आत काय वाकलंय, कोणाला ठाऊक!

आता थोडं रेक्टर सरांशी. सर, रूममध्ये चार्जिंग दिसलं की चार्जर जप्त, हा नियम चुकीचा नाही. पण त्याने चार्जिंग थांबलेलं नाही, ते कॉटखाली गेलंय. गादीजवळ, रात्री, सगळे झोपल्यावर. भीती आगीची राहिली नाही, तुमच्या राउंडची राहिली. त्यापेक्षा वर्कशॉपच्या कोपऱ्यात फरशीचं एक टेबल द्या. त्यावर मातीच्या कुंड्या, बाजूला वाळूची बादली, भिंतीवर स्मोक डिटेक्टर. रात्री दहाला कुलूप.

आमच्याकडून कबूल: १सी, बॅलन्स लीड जोडलेली, उडवून आलेला गरम पॅक आधी थंड करायचा, आणि चार्जिंग संपेपर्यंत एकाने तिथेच बसायचं. फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लागणार नाही, मग तो कितीही महाग असो. पहिल्या आठवड्याची ड्युटी माझी. वाळूही मी आणतो, नव्या बिल्डिंगच्या मागे ढीग पडलाच आहे.