आजोबांना हसू का येत नाही?

मोबाइलवर काही पाहून तुम्ही पोट धरून हसता आणि आजोबा विचारतात, "यात हसण्यासारखं काय आहे?" आजोबांना विनोद कळत नाही, असा निष्कर्ष तुम्ही काढता. तो घाईचा आहे.

ताणलेली अपेक्षा एकाएकी फुसकी ठरली की हसू येते, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० मध्ये मांडले. म्हणजे विनोदाआधी अपेक्षा हवी, आणि ती पिढीगणिक बदलते. ट्रंक कॉलवर घसा फोडणाऱ्या माणसाची गंमत कळायला ट्रंक कॉल ठाऊक हवा. तुम्हाला तो ठाऊक नाही, आजोबांना तुमचे मीम ठाऊक नाही. फिटंफाट!

पण मला आणखी एक कारण दिसते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा संच थोड्याच घरी होते. पुढे 'चिमणराव' लागले की शेजारपाजारची माणसे दाटीवाटीने एकाच खोलीत बसत. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट सोबतीत हसतो. आजोबांना आठवणाऱ्या त्या हशात शेजाऱ्यांचाही वाटा होता. कानात इअरफोन घालणाऱ्याला तो कुठून मिळणार?

मात्र प्रोव्हाइन यांच्या या आकड्यात दूरचित्रवाणी पाहताना आलेले हसू धरलेले नाही. तेव्हा तुम्हीच मोजा. एका विनोदी मालिकेचा एक भाग एकट्याने पाहा, दुसरा आजोबांसोबत. दोन्ही वेळा किती हसलात ते लिहा. तोच भाग मात्र पुन्हा लावू नका. अपेक्षा आधीच फुटलेली असते.