यंत्र आधीं कीं काम आधीं?

आमच्या परिचयाच्या एका लहानशा मंडळांत सध्यां एका कॅमेऱ्यावरून मोठें रण माजलें आहे. भोर आणि वेल्हे परिसरांतील गड, देवळें, भातशेतीचीं कामें आणि वृद्धांच्या मुखांत उरलेलें जुनें वाङ्मय चित्रबद्ध करून ठेवावें, असा या मंडळाचा स्तुत्य संकल्प आहे. सभासद बहुतेक पदवीधर. त्यांतले निम्मे आमचे जुने विद्यार्थी. दोन वर्षें पैसा पैसा करून त्यांनीं साडेतीन लाख रुपये उभे केले, आणि पैसे हातीं येतांच कामाऐवजीं वादाला आरंभ झाला. एक पक्ष म्हणतो, 'फुल-फ्रेम मिररलेस' जातीचा अगदीं नवा कॅमेरा आणि त्याला साजेसें भिंग घ्यावें. त्यानें स्थिर छायाचित्र निघतें आणि चलचित्रहि निघतें, तेव्हां एक पंथ, दोन काजें. दुसरा पक्ष म्हणतो, भोरचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, पण तुमचा संस्थानी थाट कांहीं गेला नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत फोन असतां हा खर्च कशाला? हा तंटा निवाड्यासाठीं आमच्यापुढें आला. आमचा निवाडा दोन्ही पक्षांस कडूच लागेल. परंतु असाच तंटा आज अनेक घरांत आणि महाविद्यालयांत चालू असल्यामुळें तो चारचौघांत मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम फोनवाल्यांचा समाचार घेऊं. फुल-फ्रेम हा केवळ दुकानदारांचा मंत्र आहे, ही त्यांची समजूत चुकीची आहे. या कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारा पट, म्हणजे सेन्सर, ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो. हें माप मुळांत चलचित्राच्या फिल्मवरूनच आलें. फिल्मवरील दोन चौकटी जोडून स्थिर चित्राची एक चौकट करण्याची युक्ति ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञानें योजिली, आणि १९२५ सालीं बाजारांत आलेल्या लायका कॅमेऱ्यानें ती जगभर नेली. या चौकटीचें क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरतें. चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरचें बहुधा शंभराच्या आगेंमागें. भिंगाचें तोंड सारख्याच प्रमाणांत उघडें असेल, तर ज्याचें अंगण मोठें त्याच्या वांट्याला प्रकाश अधिक, हें समजण्यास पदार्थविज्ञान शिकावें लागत नाहीं. वेल्ह्याच्या डोंगराळ वाडींतील धुरानें काळवंडलेल्या घरांत, जेथें उजेड एका दारांतूनच येतो, तेथें हा फरक डोळ्यांनीं दिसतो. फोन आपल्या गणितानें अंधार पुसून काढतो खरा. पण अंधाराबरोबर म्हातारीच्या गालावरच्या सुरकुत्याहि पुसून टाकतो. शिवाय जुन्या कॅमेऱ्यांतील आरसा काढून टाकल्यामुळें यंत्राची जाडीहि घटली आहे. सोनीनें २०१३ सालीं आणि कॅनन व निकॉन यांनीं २०१८ सालीं या जातीचीं यंत्रें आणलीं. हा लाभ खरा आहे. तो नाकारणें म्हणजे अज्ञानाला काटकसर म्हणणें होय.

आतां नव्या यंत्राच्या भक्तांकडे वळूं. 'एक पंथ, दोन काजें' या त्यांच्या ब्रीदवाक्याची परीक्षा घेतली पाहिजे. खळ्यावर भात झोडपणाऱ्या गड्याचें छायाचित्र घ्यावयाचें तर झडप सेकंदाचा पांचशेंवा भाग उघडी ठेवावी, म्हणजे उडालेला दाणा अधांतरीं स्थिर दिसतो. त्याच गड्याचें चलचित्र घ्यावयाचें तर सेकंदास २५ चौकटी आणि प्रत्येक चौकटीस सेकंदाचा पन्नासावा भाग हें माप धरतात. नाहीं तर हालचाल तुटक दिसते. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें दिव्याची लुकलुकहि याच मापानें टळते. पण हेंच माप घेऊन भर दुपारीं संजीवनी माचीवर उभे राहा, म्हणजे चित्र पांढरेंफटक! तें वांचविण्यास भिंगावर काळी कांच चढवावी लागते. आतां धुकें क्षणभर फाटून समोर तोरणा उघडा पडला. छायाचित्र घ्यावें तर कांच काढा, चलचित्र घ्यावें तर कांच चढवा. तुमची कांच निघेपर्यंत तोरणा पुन्हां पदराआड! एका यंत्रांत दोन कामें आहेत. पण एका माणसाला एका क्षणीं दोन करतां येत नाहींत.

'पूर्ण चौकट' हा शब्दहि नेहमींच पूर्ण असतो असें नाहीं. सोनीच्या २०२१ सालच्या 'ए-सेव्हन-फोर' या ३३ मेगापिक्सेलच्या यंत्रांत सेकंदास ६० चौकटींचें 'फोर-के' चलचित्र घेऊं लागलें, कीं सेन्सरचा मधला भागच कामीं येतो, कडा वायां जातात. पॅनासॉनिकच्या २०२३ सालच्या 'एस-फाइव्ह-टू'मध्येंहि तसेंच. कॅननच्या २०२२ सालच्या 'आर-सिक्स मार्क-टू'मध्यें मात्र पूर्ण रुंदी मिळते. शिवाय फोर-के चलचित्राच्या एका चौकटींत ८३ लक्ष बिंदूच असतात. तेव्हां तेवढ्यासाठीं ३३ मेगापिक्सेलचा हट्ट कां? आणि छापील पुस्तकाच्या पानास २४ मेगापिक्सेलहि पुरून उरतात. हें सारें विकत घेण्यापूर्वीं वाचावयाचें असतें. आमचीं मंडळी तें विकत घेतल्यावर वाचतात.

यावर आमचे तरुण मित्र दादासाहेब फाळक्यांचें नांव पुढें करतात. फाळक्यांनीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं लंडन गांठलें आणि विल्यमसन कॅमेरा आणला; मग आम्हींच काय पाप केलें? दाखला उत्तम आहे. पण तो आमच्या बाजूचा आहे. त्या कॅमेऱ्यानें फाळक्यांनीं आरंभीं काय टिपलें? कुंडींत पेरलेला वाटाणा! दररोज थोड्याथोड्या चौकटी घेत त्यांनीं वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंतची वाढ मिनिटाभराच्या चित्रांत दाखविली, आणि ती पाहून भांडवलदाराचा विश्वास बसला. स्थिर चित्रांतून चलचित्र कसें जन्मतें याचा तो वस्तुपाठच होता. यंत्र येण्यापूर्वीं त्या माणसाच्या डोक्यांत काम पुरें उभें राहिलें होतें. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं तर स्वतः खटपट करून कॅमेरा तयार केला आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. या दोघांनाहि काय दाखवावयाचें हें ठाऊक होतें. यंत्र त्यांच्या मागून आलें.

आमच्या मंडळाला काय दाखवावयाचें आहे? सुवेळा माचीवरच्या नेढ्याचीं चित्रें आतां मोजतां येणार नाहींत इतकीं झालीं आहेत. जुलै २०२५ मध्यें राजगड जागतिक वारसा-स्थळांच्या यादींत गेला. तेव्हां त्यांत आणखी भर पडेल. दर उन्हाळ्यांत भाटघर धरणाचें पाणी ओसरलें म्हणजे कांबरे येथील कांबरेश्वराचें देऊळ बाहेर पडतें, आणि कॅमेऱ्यांची तेथें जत्रा भरते. पण धरणांत जी वस्ती बुडाली तीं माणसें कोठें गेलीं, देवाची जत्रा कोठें भरूं लागली, कोणत्या शेताला काय नांव होतें, हें ज्यांनीं आजीच्या तोंडून ऐकलें, तीं माणसेंहि आतां थकलीं आहेत. त्यांच्याजवळ जें आहे तें चौकटींत मावत नाहीं. तें ऐकावें लागतें.

येथें आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. नाहीं तर हा उपदेश कोरडा ठरेल. तीन वर्षांपूर्वीं एका स्नेह्याचा नवा फुल-फ्रेम कॅमेरा मागून घेऊन आम्ही तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडींत गेलों. तेथील ऐंशी उलटलेली एक बाई आमच्या आग्रहाखातर, बंद पडलेलें जातें पुसून, पुन्हां दळावयास बसली आणि ओव्या म्हणूं लागली. बाहेर आषाढाचा पाऊस पत्र्यावर ताशासारखा वाजत होता. कॅमेऱ्याच्या अंगच्याच मायक्रोफोनवर आम्हीं भरंवसा ठेविला. चित्र असें उतरलें कीं, खुंट्यावर वळलेल्या बोटांच्या शिरा मोजून घ्याव्या! आवाज मात्र सारा पत्र्याचा. दोन ओव्यांपलीकडे एकहि शब्द लागेना. दिवाळीनंतर वेगळा मायक्रोफोन घेऊन येऊं, असें आम्ही म्हणालों. कार्तिकांत बाई गेली. पुढें तें चित्र दाखवावयास गेलों तेव्हां तिच्या सुनेनें तें शेवटपर्यंत पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "आत्याबाई दिसत्यात बगा, पन त्यांचं गानं कुटं हाय?" या प्रश्नाला तीस वर्षें वाङ्मय शिकविलेल्या आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

याच्या उलट उदाहरण आपल्याच पुण्याचें आहे. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह मुळशीसारख्या मावळी तालुक्यांतून आरंभ करून महाराष्ट्राच्या शेंकडों गांवांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. आधीं वहींत लिहिल्या, पुढें टेपवर घेतल्या, आणि ओवी कोणाची व गांव कोणतें हें त्यांसोबत नोंदविलें. आज त्यांतल्या अनेक 'परी' या संकेतस्थळावर कोणालाहि ऐकतां येतात. त्यांच्या आरंभीं मोठें यंत्र नव्हतें. ओट्यावर बसून ऐकण्याची चिकाटी होती.

आणखी एक हिशेब मंडळाच्या खजिनदारांसाठीं. सेकंदास १०० मेगाबिट या मानानें तासाभराचें फोर-के चलचित्र ४५ गीगाबाइट जागा खातें. उत्तम प्रतीच्या तासाभराच्या ध्वनीला सुमारें एक गीगाबाइट लागतो. हें सारें ठेवावयाचें कोठें, दोन प्रती कोणाकडे, दहा वर्षांनीं ती पेटी कोण उघडून पाहणार, याचा विचार वादाच्या एकाहि बैठकींत झाला नाहीं. सगळा निधि कॅमेऱ्यांत गेला तर वेल्ह्याला जावयाचें एस. टी.चें भाडें तरी उरेल काय?

तेव्हां आमचा निवाडा असा: कॅमेरा घ्यावा, पण नवा नको. तीन-चार वर्षांचा, चांगल्या स्थितींतला, २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम घ्यावा. त्याला अंधारांत चालणारें एकच हलकें भिंग असावें. बॅटरीसह ६५८ ग्रॅम भरणारें यंत्र कागदावर हलकें वाटतें. पण त्याला जवळजवळ तेवढ्याच किंवा त्याहून अधिक वजनाचें मोठें भिंग जोडून गुंजवण्याहून चोर दरवाजानें, दोन्ही हातांनीं खडक धरीत, राजगड चढून पाहावा. मग तें मत टिकतें का बघावें. वांचलेल्या पैशांतून दोन उत्तम मायक्रोफोन, एक तिपाई, दोन डिस्का आणि एक जाड वही घ्यावी. वहींत नांव, गांव, तिथि आणि त्या माणसाची संमति प्रथम लिहावी. मगच झाकण काढावें. आणि टिपलेल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत ज्याच्या घरून घेतली त्याच्या घरीं पोंचवावी. या शेवटच्या अटीवर आमचा विशेष कटाक्ष आहे.

हें मान्य नसेल तर मंडळानें खुशाल नवा कॅमेरा घ्यावा. पण आषाढ लागण्यापूर्वीं निदान एक दिवस तो घरीं ठेवून, रिकाम्या हातांनीं एखाद्या वाडींत जाऊन बसावें. त्या दिवशीं जें ऐकूं येईल, त्यावरून कोणतें यंत्र हवें हें त्यांचें त्यांनाच कळेल.