गणवेशाचा मक्ता आणि लढवय्याची मिळकत

'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' अर्थात यूएफसी या अमेरिकन कंपनीने २ डिसेंबर २०१४ रोजी रीबॉक या क्रीडावस्त्रे बनविणाऱ्या कंपनीशी सहा वर्षांचा करार जाहीर केला, तेव्हा ती एक साधी व्यापारी वार्ता वाटली. ठोसे, लाथा आणि कुस्तीतील पकडी या साऱ्यांना मुभा असलेल्या मिश्र मल्लयुद्धाच्या क्षेत्रात ही कंपनी सर्वांत मोठी. तिच्या आठकोनी पिंजऱ्यात उतरणाऱ्या प्रत्येक लढवय्याने यापुढे रीबॉकचाच गणवेश घालावा, असे ठरले. कराराची रक्कम सात कोटी डॉलर असल्याचे त्या वेळी सांगितले गेले, आणि तिचा मोठा भाग लढवय्यांनाच मिळेल, अशी ग्वाहीही देण्यात आली. पुढील दहा वर्षांचा अनुभव पाहता या कराराने लढवय्याच्या हातात काय पडले याबरोबरच त्याच्या हातातून काय गेले, याचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे.

करारापूर्वीची पद्धत काहीशी बाजारू होती, हे मान्य केलेच पाहिजे. लढवय्याच्या अर्ध्या चड्डीवर, सदऱ्यावर आणि लढतीपूर्वी त्याच्यामागे धरल्या जाणाऱ्या कापडी फलकावर नाना प्रकारच्या नावांची गर्दी असे. पौष्टिक चूर्णे विकणारे, छपराचे स्क्रू विकणारे, आणि संततिनियमनाची साधने विकणारेसुद्धा त्यात असत. या शेवटच्या जाहिरातदाराने चड्डीचा मागील भाग विकत घेतलेला असे, आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवर फारसे शोभत नसे. परंतु या ठिगळांच्या पोशाखाला एक अर्थ होता. प्रत्येक ठिगळ लढवय्याने किंवा त्याच्या व्यवस्थापकाने स्वतः विकलेले असे आणि त्याचा भाव त्यानेच ठरविलेला असे. लढतीचे मानधन कंपनी देई. या जागेचे पैसे मात्र दुसरेच कोणी देई. एकाच धन्यावर संपूर्णपणे विसंबून राहण्यापासून लढवय्याला वाचविणारी मिळकत एवढीच होती.

६ जुलै २०१५ पासून नवी व्यवस्था लागू झाली. प्रारंभी लढवय्याचे पैसे त्याच्या क्रमवारीवरून ठरतील, असे जाहीर झाले होते. ही क्रमवारी पत्रकारांच्या मतांवर ठरते, हे ध्यानात आल्यावर तो विचार सोडून देण्यात आला आणि किती लढती खेळल्या, हा निकष आला. पहिल्या पाच लढतींपर्यंत प्रत्येक लढतीमागे २,५०० डॉलर, सहा ते दहापर्यंत ५,०००, अकरा ते पंधरापर्यंत १०,०००, सोळा ते वीसपर्यंत १५,००० आणि त्यापुढे २०,००० असा तक्ता निघाला. अजिंक्यपदाला आव्हान देणाऱ्यास ३०,००० आणि विजेत्यास ४०,००० ठरले. सरकारी कचेरीतील वेतनश्रेणीची आठवण व्हावी, असाच हा तक्ता होता. फरक एवढाच, की कचेरीतील कारकून निवृत्तीपर्यंत पायऱ्या चढत जातो आणि या व्यवसायात बहुतेकांची नोकरी पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच संपते. दोन-तीन पराभव लागोपाठ झाले की कंपनी करार मोडू शकते. नाकाचे हाड किंवा गुडघ्याची शीर मोडली की वर्ष वाया जाते. सोळाव्या लढतीपर्यंत टिकणारे थोडेच.

सहा वर्षांचे सात कोटी म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर. त्या काळात कंपनी वर्षाला चाळीसच्या आसपास कार्यक्रम करीत होती आणि प्रत्येकात साधारण अकरा लढती होत. म्हणजे वर्षभरात सुमारे ८८० वेळा कोणी ना कोणी लढवय्या तो गणवेश घालून पिंजऱ्यात उतरे. सारी रक्कम सारखी वाटली असती, तर प्रत्येक वेळी १३ हजार डॉलर मिळाले असते. तक्त्यात १३ हजारांहून अधिक रक्कम मिळते ती सोळाव्या लढतीपासून. ज्यांच्या अंगावर हा गणवेश सर्वाधिक वेळा दिसे, त्या नवोदितांच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्साही येत नव्हता. नवख्या लढवय्याचे मानधन त्या सुमारास साधारणतः उतरण्याचे दहा हजार आणि जिंकल्यास आणखी तितकेच, असे असे. त्यातून शिक्षक, व्यवस्थापक, सरावाचा साथीदार, वैद्यकीय तपासण्या आणि कर हे सर्व भागवायचे. वर्षाला दोन किंवा तीन लढती मिळाल्या तर नशीब. अशा माणसाच्या हिशेबात चड्डीवरची जाहिरात ही चैन नव्हती, घरभाड्याची सोय होती. २०१७ च्या नोव्हेंबरात भारताचा भरत खंडारे शांघाय येथे यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला, तेव्हा तक्त्यातील ही सर्वांत खालची पायरी त्याच्याही वाट्याला होती.

जुन्या लढवय्यांचे नुकसान आणखी ठळक होते. ब्रेंडन शॉबसारख्या वजनदार गटातील लढवय्याने उघडपणे सांगितले, की पूर्वीच्या प्रायोजकांकडून मिळणाऱ्या पैशांपुढे तक्त्यातील रक्कम किरकोळ आहे. याउलट रोंडा राउझी आणि कॉनर मॅग्रेगर यांच्याशी रीबॉकने स्वतंत्र करार केले. जे आधीच वर होते, त्यांना मक्त्याची झळ फारशी लागली नाही. स्वतःच्या नावाच्या वस्त्रांवर २० ते ३० टक्के मानधन देण्याचे आमिष इतरांना दाखविले गेले. पण ज्याचे नावच कोणाला ठाऊक नाही, त्याच्या नावाचा सदरा विकला जाणार किती? गणवेश बाजारात आले त्या वेळी गिल्बर्ट मेलेंडेझ या नामांकित लढवय्याचे नाव 'गिब्लर्ट' असे छापले गेले होते. नामवंतांची ही गत!

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जुन्या बाजारात पैसे बुडविणारे प्रायोजक होते, व्यवस्थापक दलाली घेत, आणि २,५०० डॉलर का होईना, ते वेळेवर मिळू लागले. खेळाला प्रतिष्ठित रूप आले तर मोठ्या कंपन्या येतील, असाही युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. परंतु जुना बाजार आटला होता, तो आपोआप नव्हे. लढवय्याच्या अंगावर नाव लावायचे असल्यास प्रायोजकाने आधी कंपनीला शुल्क भरावे, असा नियम २००९ च्या सुमारासच आला होता. त्यामुळे लहान दुकानदार आधीच बाहेर पडले. जे तळे कंपनीनेच उपसले होते, त्याचे पाणी कमी झाल्याचे कारण मक्त्यासाठी पुढे करण्यात आले.

कंपनीला प्रायोजकांचा धाक का वाटत असावा, याचे उत्तर २००८ सालच्या एका प्रकरणात सापडते. अफ्लिक्शन ही कपडे बनविणारी कंपनी अनेक लढवय्यांना पैसे देत असे. तिने स्वतःच लढती भरविण्याचे ठरविताच यूएफसीने तिच्या कपड्यांवर बंदी घातली. अफ्लिक्शनने जुलै २००८ मध्ये आपला पहिला कार्यक्रम केला, त्याला 'बॅन्ड' असेच नाव दिले आणि फेदोर एमेलियानेंको या त्या काळच्या अग्रगण्य लढवय्याला उतरविले. हा उपक्रम वर्षभरात बंद पडला, आणि पुढे अफ्लिक्शन मुकाट्याने पुन्हा यूएफसीची प्रायोजक झाली. पण आज चड्डीवर नाव लावणारा उद्या प्रतिस्पर्धी आयोजक होऊ शकतो, आणि प्रतिस्पर्धी आला की लढवय्याचा भाव चढतो, हे या प्रकरणातून दोन्ही पक्षांना कळले. चड्डी एकाच मक्तेदाराला बहाल केली, की हा दरवाजा बंद होतो.

या मक्त्याविरुद्ध बोलण्याची किंमत काय, हेही लवकरच दिसले. जेकब ड्युरन हा दोन फेऱ्यांमधील मिनिटभरात जखमांचे रक्त थांबविणारा नामांकित साहाय्यक. साहाय्यकांचेही प्रायोजक या करारामुळे गेले आणि त्यांना भरपाई काहीच मिळाली नाही, असे त्याने मुलाखतीत सांगितले. जुलै २०१५ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. बाकीच्यांनी त्यातून काय बोध घ्यावा, ते वेगळे सांगण्याची गरज राहिली नाही.

एकच गणवेश सक्तीचा असणे हा मूळ दोष आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेतील बास्केटबॉल आणि फुटबॉल संघांचे गणवेशही मक्त्यानेच दिले जातात. पण तेथे खेळाडूंच्या संघटना आहेत. उत्पन्नाचा साधारण निम्मा हिस्सा खेळाडूंना मिळावा, हे सामुदायिक करारांनी ठरले आहे, आणि गणवेशाचा पैसा त्या हिशेबात येतो. यूएफसीचे लढवय्ये कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार आहेत. ते नोकर नाहीत, म्हणून त्यांची मान्यताप्राप्त संघटना नाही. पण मालकाने सांगितलेले कपडे घालणे मात्र त्यांना बंधनकारक आहे. स्वतंत्र म्हणविणाऱ्या कंत्राटदाराला आपल्या चड्डीची जागाही विकता येऊ नये, ही विसंगती कायद्याच्या पंडितांना खटकली नाही तरच नवल.

आपल्याकडील वाचकांना २००२ सालचा प्रसंग आठवेल. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने श्रीलंकेतील चॅम्पियन्स ट्रॉफी स्पर्धेसाठी खेळाडूंवर अट घातली, की स्पर्धेच्या काळात व तिच्या मागेपुढे काही दिवस अधिकृत प्रायोजकांच्या प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात करू नये. भारतीय क्रिकेटपटूंनी सही करण्यास नकार दिला. शेवटी तडजोड करावी लागली. क्रिकेटपटू फार तत्त्वनिष्ठ होते म्हणून असे घडले नाही. ते एकत्र होते, आणि त्यांच्यावाचून स्पर्धा रंगणार नव्हती. पिंजऱ्यातील लढवय्या एकटा असतो. त्याने नकार दिला, तर त्याच्या जागी उतरण्यास शंभर जण तयार असतात.

रीबॉकनंतर एप्रिल २०२१ पासून व्हेनम ही कंपनी आली. नव्या तक्त्यात पहिल्या तीन लढतींना ४,००० डॉलर आणि विजेत्याला ४२,००० झाले. त्याच वर्षी जुलैत आभासी चलनाचा व्यापार करणाऱ्या क्रिप्टो डॉट कॉम या कंपनीशी दहा वर्षांचा करार झाला. त्याची रक्कम साडेसतरा कोटी डॉलर असल्याचे वृत्त होते. या कंपनीचे नावही त्याच गणवेशावर झळकू लागले. म्हणजे लढवय्याच्या अंगावरील जागा दुसऱ्यांदा विकली गेली. तक्त्यातील आकडे मात्र या दुसऱ्या विक्रीमुळे वाढले नाहीत. पुढील वर्षी मोठ्या कार्यक्रमांत प्रेक्षकांच्या मतांनी निवडलेल्या तिघांना बिटकॉइनमध्ये बक्षीस देण्याची योजना आली. उरलेल्यांच्या अंगावर नाव तेच होते.

रीबॉक कराराच्या घोषणेनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १६ डिसेंबर २०१४ रोजी, कुंग ले, नेट क्वारी आणि जॉन फिच या लढवय्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कंपनीवर दावा लावला होता. दीर्घ मुदतीची कंत्राटे आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांची खरेदी यांद्वारे बाजार बळकावून मानधन दडपले गेले, असे त्यांचे म्हणणे. उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी लढवय्यांना मिळते, हे दाखविण्यासाठी त्यांनी कंपनीचीच कागदपत्रे पुढे केली. न्यायाधीश रिचर्ड बूलवेअर यांनी २०२४ मध्ये साडेतेहतीस कोटी डॉलरची तडजोड अपुरी म्हणून फेटाळली. नंतर साडेसदतीस कोटींची तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. ही भरपाई जून २०१७ पर्यंतच्या लढवय्यांसाठी आहे. गणवेशाचे नियम तिने बदललेले नाहीत. १ जुलै २०१७ नंतर लढलेल्यांसाठी वेगळा दावा लावण्यात आला आहे.

मुष्टियुद्धात चित्र अद्याप निराळे आहे. तेथे ठोसेबाज आपल्या चड्डीवरची जागा स्वतः विकतो, आणि २००० सालच्या मुहम्मद अली कायद्यानुसार आयोजकाला लढतीतून झालेले उत्पन्न त्याच्यापुढे उघड करावे लागते. हा कायदा मिश्र मल्लयुद्धाला लागू नाही. आता यूएफसीची मालक टीकेओ ही कंपनी मुष्टियुद्धातही उतरली आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एक विधेयक मांडले गेले आणि टीकेओने त्याला पाठिंबा दिला. अली कायद्यातील काही बंधने न पाळता एकाच संस्थेने लढती भरवाव्यात, क्रमवारी लावावी आणि अजिंक्यपदेही द्यावीत, अशी वाट या विधेयकात ठेवलेली आहे.