कॅमेऱ्यापुढें बोललें म्हणजे शिकविलें काय?

मार्च २०२० मध्यें देशांतील शाळा-महाविद्यालयांचीं दारें बंद झालीं आणि ज्या शिक्षकानें आयुष्यांत खडूखेरीज दुसरें साधन हातीं धरिलें नव्हतें, तोही पाहतां पाहतां ऑनलाइन अध्यापक झाला. संकटकाळच्या त्या धडपडीस दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु संकट ओसरून वर्षें लोटलीं, तरी त्या वेळची तडजोड आज पद्धत म्हणून मिरवीत आहे. हें आम्हांस चिंताजनक वाटतें.

प्रचलित समज असा कीं, ऑनलाइन शिकविण्यास शिकणें म्हणजे यंत्राच्या कळा शिकणें. कॅमेरा कोठें ठेवावा, चित्रफीत कशी चढवावी, एवढें कार्यशाळेंत सांगितलें कीं प्रशिक्षण संपलें! मग वर्गांतलें तासाभराचें व्याख्यान जसेंच्या तसें पडद्यावर जातें. वर्गांत विद्यार्थ्याच्या कपाळावरची आठी पाहून शिक्षक थांबतो, दाखला बदलतो. चित्रफितीस आठी दिसत नाहीं. ती कोठें पडेल हें आधींच ताडून तेथें प्रश्न, उदाहरण किंवा विसांवा योजणें, हीच अभ्यासक्रमाची रचना. विद्यार्थ्यास अखेरीस काय करतां यावें हें प्रथम ठरवावें. तें आलें हें कशावरून ओळखावें, हें त्यानंतर. आणि पाठ सर्वांच्या शेवटीं लिहावा. आपण नेमका हा क्रम उलटा करितों.

हें कांहीं आजचें नवें शास्त्र नव्हे. इंग्लंडांत १८४० सालीं स्वस्त टपाल सुरू होतांच आयझॅक पिटमन यांनीं टपालानें लघुलेखन शिकविलें. विद्यार्थी पाठ लिहून पाठवीत, ते तपासून परत येत. तपासणी हाच त्या शिक्षणाचा प्राण होता. १९७१ मध्यें अध्यापन सुरू करणाऱ्या तेथील ओपन युनिव्हर्सिटीनें दूरचित्रवाणीचा उपयोग केला, पण स्वाध्याय तपासण्यास शिक्षकही नेमले. आपल्याकडें २०१७ मध्यें निघालेल्या 'स्वयं' या शासकीय व्यासपीठाच्या योजनेंतही चित्रफितीबरोबर वाचनपाठ, स्वाध्याय व चर्चा हीं अंगें सांगितलीं आहेत. अंगें चार, पण बहुतेकांची मेहनत पहिल्यावरच खर्ची पडते.

याचें फळ काय? हार्वर्ड व एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत २०१७-१८ सालीं नांव नोंदविणाऱ्या शंभरांपैकीं जेमतेम तिघांनीं अभ्यासक्रम पुरा केल्याचें दिसलें. पुष्कळजण केवळ कुतूहलानें आले असतील, हें मान्य. परंतु गरजेनें येऊन मध्येंच अडलेला, एका फोनवर घरच्या साऱ्यांची पाळी सांभाळणारा विद्यार्थीही याच मोजणींत मुकाट्यानें वजा होतो. आणि 'मला जमत नाहीं' असा दोष स्वतःलाच देतो. दोष त्याचा नसतो.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच. ऑनलाइन शिकवूं पाहणाऱ्यानें आधीं एक तरी तसा अभ्यासक्रम विद्यार्थी होऊन अखेरपर्यंत पुरा करावा. संस्थांनीं रचनेचे व तपासणीचे तास अध्यापनाचे तास म्हणून मोजावेत. ज्यांस विद्यार्थ्याचें उत्तर वाचण्यास सवड नाहीं, त्यांनीं नोंदणीचे आंकडे मिरवूं नयेत. श्रोते मिळविणें निराळें आणि शिष्य घडविणें निराळें.