'विषयाला धरून बोला' म्हणणाऱ्या ॲडमिनसाहेबांना



जुन्नर-आंबेगावातल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक फर्मान हमखास दिसतं. 'हा ग्रुप फक्त चळवळीसाठी आहे. विषय सोडून पोस्ट टाकणाऱ्याला रिमूव्ह केले जाईल.' काही ग्रुप तर याच्याही पुढे गेलेत. २०१८ साली व्हॉट्सॲपने फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येतील अशी सोय आणली आणि आपल्या ॲडमिन मंडळींच्या हातात जणू पाटीलकी आली. दोघं-तिघं बोलणार, बाकी सगळी पोरं ऐकणार. सकाळी बाबासाहेबांचा फोटो आणि सुविचार, संध्याकाळी कुठल्या तरी नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर. यालाच चळवळीचा ग्रुप म्हणायचं का?

हा गुन्हा आम्हीही केलाय, म्हणून तर बोलतोय. आमचाही ग्रुप आहे, दोन्ही तालुक्यांतल्या पोरांचा. सुरुवातीला त्यावर काय चालायचं? नारायणगावला टोमॅटोचं क्रेट आज कितीला गेलं. रात्रीच्या लाईटीला पाणी भरायला कोण कोण चाललंय. पिंपळवंडीकडं बिबट्या दिसला म्हणतात, खरं का अफवा? मंचरहून शेवटची एसटी किती वाजता? मॅच, पिक्चर, जुनी गाडी विकायची आहे, कोणाच्या तरी हळदीचे फोटो. आम्हाला वाटलं, ही पोरं चळवळीचा वेळ फुकट घालवतायत. आम्ही ग्रुप लॉक केला आणि आता कसं शिस्तीत चाललंय म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

त्या ग्रुपवर एक पोरगा होता, चाकणला ठेकेदाराकडं कामाला. दिवसभर नुसते विनोद टाकायचा. सगळ्यात जास्त वॉर्निंग त्यालाच मिळाल्या. लॉक झाल्यावर तो गप्प झाला, तसे सगळेच झाले. पुढं १४ एप्रिलच्या वर्गणीला त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईकडून कळलं, ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार बुडवून त्याला काढून टाकलं होतं आणि तो हातउसने पैसे घेऊन खोलीचं भाडं भरत होता. आमच्याच ग्रुपवर कामगारांच्या तक्रारी लिहून देणारे दोन कार्यकर्ते आहेत. आम्ही त्याला विचारलं, अरे, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "भाऊ, ग्रुपवर चळवळीचंच टाकायचं म्हणून तुम्हीच सांगितलं ना. हे तर माझं घरचं."

यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. कष्टकरी बौद्ध पोराचा बुडालेला पगार चळवळीच्या बाहेरचा विषय, आणि नेत्याचा वाढदिवस चळवळीचा! पूर्वी तो विनोद टाकता टाकता बोलून गेला असता, 'आज पण पगार नाही रे.' कोणीतरी विचारलं असतं, किती दिवस झाले? मदत अशीच मागितली जाते, गप्पांच्या आडून. आपला माणूस स्वाभिमानी आहे. तो 'सर्व समाजबांधवांना विनंती' अशी पोस्ट लिहून हात पसरत नाही.

आणि गप्पा फालतू हे आपल्याला शिकवलं कोणी? गावच्या पारावर कोण बसायचं ते आपल्या आज्यांना विचारा. पाऊसपाणी, बाजारभाव, सोयरिकी, कोर्टकज्जे, सगळं तिथंच गप्पांत ठरायचं. आपल्या आज्यांना चावडीसमोर लांब उभं राहून फक्त हुकूम ऐकायचा असे. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही गावकीची रीत आहे. ती आपण आपल्या मोबाइलात का आणायची?

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिलं (मंडळाने ते होऊ दिलं नाही, हा इतिहास तुम्हाला माहीत आहेच), त्यात लोकशाहीला केवळ राज्यकारभाराची पद्धत मानलेलं नाही. माणसांनी मिळून जगणं, आपले अनुभव एकमेकांपर्यंत पोचवणं, अशी ती कल्पना आहे. अनुभव पोचण्याच्या वाटा जितक्या जास्त, तितका बंधुभाव जास्त. आता सांगा, एकाच वाटेचा, तोही वरून खाली येणारा ग्रुप या कसोटीला उतरतो का?

लांबचं कशाला, शेजारच्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे नामदेव ढसाळ. दलित पँथर १९७२ साली उभी राहिली. अशी लढाऊ संघटना काढायची हा विचार आपल्याला आणि ढसाळांना मुंबईच्या रस्त्यावरून चालता चालता सुचला, असं ज. वि. पवारांनी लिहून ठेवलंय. दोन मित्र पायी चाललेत आणि बोलतायत, त्याला ना अजेंडा, ना ॲडमिन.

आमचे काही धम्मबांधव यावर सम्यक वाणी पुढं करतात. मुद्दा बिनबुडाचा नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी निरर्थक बडबड टाळायला सांगितलं आहेच. पण त्याच ठिकाणी खरं बोला, निंदा करू नका, शिवीगाळ करू नका, आपुलकीने बोला, हेही सांगितलंय. मग रात्री दोनला दुसऱ्या गटाच्या नेत्याची आयमाय काढणाऱ्या 'वैचारिक' पोस्टला तुम्ही हात लावत नाही, आणि टोमॅटोचा भाव विचारणाऱ्याला मात्र रिमूव्ह करता, ही कुठली सम्यक वाणी? जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. भिक्खूंच्या राहण्यापाण्याची सोय बाजारात भाव करणाऱ्या माणसांनी केली होती, एवढं तरी ध्यानात घ्या.

दुसरी भीती पोलिसांची. १ जानेवारी २०१८ नंतर ती वाढली, हे आम्ही नाकारत नाही. पण सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. त्या मजकुरात ॲडमिनचाही हात असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा भीतीचं निमित्त पुरे.

मोकळीक म्हणजे काहीही चालेल असं नाही. बुवा-बाबांचे फॉरवर्ड, बायकांवरचे घाणेरडे विनोद, पोटजातीवरून टोमणे, हे काढलंच पाहिजे. विशेषतः ते विनोद. आमच्या ग्रुपवरच्या ताई लांबलचक वैचारिक वादात कधी पडल्या नाहीत, बोलल्या त्या गप्पांतच. जात पडताळणीला कोणते कागद लागतात, वसतिगृहाचा फॉर्म कधी निघतो, हे त्यांनीच पिक्चरच्या गप्पांमध्ये विचारलं आणि त्यांनीच एकमेकींना सांगितलं. ग्रुप लॉक झाला तेव्हा पहिला आवाज त्यांचा गेला, आणि आमच्या ते लक्षातही आलं नाही.

आम्ही ग्रुप पुन्हा खुला केलाय. मोर्चा-सभेच्या सूचना हरवू नयेत म्हणून वेगळा सूचनांचा ग्रुप काढलाय, तो खुशाल लॉक ठेवा. त्या पोराच्या पगाराची तक्रार लिहून दिली आहे, त्याचं काय होतं ते इथं कळवूच. दरम्यान तुमच्या तालुक्यातल्या ॲडमिनला विचारा, गेल्या महिन्यात त्याच्या ग्रुपवर किती वेगवेगळ्या माणसांनी तोंड उघडलं?