मोटारीची कैफियत आधीं ऐकावी

कडबा कापण्याचें यंत्र आपल्या भागास नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं तें बेळगांवास असतांनाच बनविलें होतें. पुढें १९१० सालीं त्यांनीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. तेव्हां तें यंत्र हातानें फिरत असे, त्यामुळें बिघाड हातास तत्काळ कळे. आतां कृष्णा-वारणेकांठच्या गोठ्यांतून कडबाकुट्टीस सिंगल फेजची मोटार लागली आहे, म्हणून बिघाड कानानेंच ओळखला पाहिजे. परंतु आपला शेतकरी आवाजाकडे एक तर दुर्लक्ष करितो, नाहीं तर मोटार थेट रिवाइंडिंगला धाडतो. या दोन्ही गोष्टी आमच्या मतें सारख्याच नुकसानीच्या आहेत.

महसुली दप्तरांत उमेद घालविलेल्या मनुष्यास इतकें तरी समजतें कीं, चौकशीपूर्वीं निकाल देऊं नये. मोटारीची चौकशी अशी करावी. प्रथम वीज तोडून पट्टा उतरवावा व मोटार एकटी चालवून पाहावी. आवाज गेला तर दोष कुट्टीचा, पात्यांचा किंवा वांकड्या बसलेल्या पुलीचा समजावा. आवाज राहिला तर मोटार वेगांत असतां बटण बंद करावें. आवाज त्याच क्षणीं थांबल्यास दोष विजेच्या बाजूचा. वेगाबरोबर हळूहळू उतरत गेल्यास तो बेअरिंगचा, पंख्याचा किंवा सैल बोल्टांचा होय. केवळ बेअरिंग खराब असतां वेटोळें नवें भरून घेणें म्हणजे चाक मोडलें म्हणून सबंध गाडी नवी घेण्यासारखें आहे.

मोटार नुसती घुमते पण फिरत नाहीं, ही तक्रार निराळी. सिंगल फेजच्या विजेनें मोटारीस आपोआप गति मिळत नाहीं. आरंभींची ढकल कंडेन्सर व आरंभाचें वेटोळें मिळून देतात, आणि पुष्कळ मोटारींत वेग सुमारें तीनचतुर्थांश झाला कीं आंतील स्विच त्यांस सोडवितो. कंडेन्सर गेला, स्विच उघडा राहिला किंवा लांबच्या बारीक तारेमुळें दाब उतरला, तर मोटार घुमत उभी राहते, नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते व थोड्याच वेळांत जळते. उलट स्विच चिकटून राहिला तर ती गुरगुरत फिरते व आरंभाचें वेटोळें तापून जळतें. ज्या मोटारीस असा स्विच आहे, ती थांबत असतां “टक्” असा बारीक आवाज येणें हें तिच्या प्रकृतीचें लक्षण आहे. तो येईनासा झाल्यास सावध व्हावें.

अशा घुमणाऱ्या मोटारीस पुष्कळजण पात्यांच्या चाकास हातानें झटका देऊन चालू करितात. मोटार एकदम वेग घेते, आणि हात पात्यांच्या तोंडाशीं असतो! चार पैशांच्या कंडेन्सरपायीं बोटें गमावणें यासारखा आंतबट्ट्याचा व्यवहार नाहीं. ही चाल घरोघर बंद झालीच पाहिजे.

कोणी म्हणेल, हें काम वायरमनचें आहे. मोटार उघडणें हें खचित जाणकाराचें काम आहे. वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्यें भार राहून जबर धक्का बसूं शकतो. परंतु आवाज केव्हां येतो व केव्हां थांबतो, हें सांगणें मालकाचें काम आहे. ज्यास तें सांगतां येत नाहीं, तो दुसऱ्याच्या अंदाजाचे पैसे भरतो.

यास्तव आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या संस्थेनें विजेचा दाब मोजण्याचें एक मीटर ठेवावें, एका होतकरू तरुणास तें वापरण्यास शिकवावें, आणि मोटार दुरुस्तीस धाडण्यापूर्वीं वरील चौकशी करून दोष कागदावर लिहून द्यावा. खर्च अल्प आहे, व त्यानें पैसा आणि हात दोन्ही वांचतील. सभासदांनीं याचा अवश्य विचार करावा.